फिल्म क्र. 23: पालथी पडली म्हणून कळलं

मंडळी, घरच्या घरी वीज वाहणारी प्लॅस्टिकची फिल्म करायचा माझा खटाटोप चाललाय. मागच्या नोंदीत ‘ग्राफाइट आपल्या कामाचं नाही’ असं ठणकावून लिहिलं होतं. ते शब्द मागे घेतोय.

वजनाने 30 टक्के ग्राफाइट घातलेली, काचेवर ओतून सुकवलेली पीव्हीएची (पाण्यात विरघळणाऱ्या प्लॅस्टिकची) फिल्म मीटरवर काहीच दाखवत नव्हती, हे आठवत असेल. हिशेबाने तिच्यातून करंट जायलाच हवा होता. वजनाचे 30 टक्के म्हणजे आकारमानाने 20 च्या आसपास, आणि गोल कण कसेही विखुरले तरी साधारण 16 टक्क्यांना एकमेकांना टेकलेल्या कणांची, करंट वाहून नेणारी साखळी जुळते. तीन आठवडे याच्याच मागे होतो. जास्त वेळ घोटून पाहिलं, साबणाचा थेंब टाकला, ग्लिसरीन कमी केलं, प्रोबची टोकं घासली, सिल्व्हर पेंटचे ठिपकेही दिले. मीटर ढिम्म.

परवा रात्री 23 नंबर काचेवरून सोलताना हातातून सुटली आणि टेबलावर पालथी पडली. काचेकडची बाजू पेन्सिलीने गिरवलेल्या कागदासारखी चमकत होती. सवयीने प्रोब टेकवले, तर 1.8 किलोओहम! उलटवून त्याच जागी पाहिलं, पुन्हा ओव्हरलोड, म्हणजे रोध मीटरच्या आवाक्याबाहेर.

ग्राफाइट तळाशी बसत होतं, एवढीच भानगड. काचेवर ओतलेला पीव्हीए-ग्राफाइटचा घोळ पाण्याच्या हजारपट घट्ट धरला तरी 10 मायक्रॉनचा कण एक मिलिमीटर खाली जायला चार-साडेचार तास घेतो, आणि माझी फिल्म सुकायला अख्खी रात्र लागते. मी इतके दिवस वरच्या कोऱ्या प्लॅस्टिकच्या पापुद्र्यावर प्रोब टेकवत होतो. ठिपकेसुद्धा त्याच्यावरच दिले होते, शहाण्यासारखे.

कार्बन ब्लॅकचे (काजळीसारख्या कार्बनच्या पावडरीचे) कण बारीक, ते असे चटकन बसत नाहीत. पण ‘कंडक्टिव्ह’ म्हणून मला आलेला डबा रंगात घालायच्या साध्या काळ्या पावडरीचा निघाला, त्यामुळे तो प्रयोग अडलाय. घोळ सारख्या जाडीचा पसरायला काचेच्या दोन्ही कडांना सेलोटेपचे थर आणि वरून काचेची सळई, या जुगाडावर मात्र मी अजून खूश आहे. घोळ पसरायच्या विकतच्या ब्लेडवर पैसे घालवू नका.

मूळ बेत होता पाच वेगवेगळे घोळ शेजारी शेजारी ओतून चढत्या वाहकतेची पट्टी करायचा. सांध्यावर ती दर वेळी फाटते. आता वाटतंय, घोळ एकच ठेवावा आणि एक टोक लवकर सुकवावं. तिथले कण बसायच्या आत जागच्या जागी अडकतील. त्या टोकाखाली हीटर ठेवायचा म्हणतो... नाही, थांबा. गरम झाला की घोळ पातळ होणार आणि कण उलट लवकर बसणार. मग हीटर नको. अर्ध्या काचेवर झाकण, उरलेल्या अर्ध्यावर पंख्याचा वारा.

आणि ग्राफाइट 20 टक्क्यांवर आणायचं. आकारमानाने ते 13 टक्के होतं. विखुरलेलं राहिलं तर साखळी जुळणार नाही, तळाशी गोळा झालं तर जुळेल. एकाच पट्टीचं एक टोक बंद, दुसरं चालू! मोजणी या वेळी चार प्रोबनी (दोन करंट सोडायला, दोन व्होल्टेज मोजायला), काचेकडच्या बाजूने. त्या मोजणीवरून फिल्मचा रोध काढायचा नेहमीचा 4.53 चा गुणक अरुंद पट्टीला तसाच चालत नाही, म्हणून आकडे फक्त आपापसात ताडून बघेन.

24 नंबर आत्ता अर्ध्या झाकणाखाली आहे. झाकणाला आतून थेंब धरलेत. ते फिल्मवर टपकू नयेत म्हणून एका बाजूला काडेपेटी सरकवून झाकण तिरकं केलंय.