आहेस की नाही, मला नाही ठाव

संत एकनाथांच्या पालखीसोबत पैठणहून पंढरपूरच्या वारीला निघालो तेव्हा भक्ती म्हणून निघालोच नव्हतो. वडील तेरा वर्षं चालले, यंदा त्यांचे गुडघे गेले, म्हणाले तू जा. आम्ही लातूरकडचे. २०१६ साली मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं तेव्हा घागरीच्या रांगेत उभं राहून मी पहिली कविता लिहिली, अन् तवापासून देवावर अन् पुढाऱ्यावर एकदाच राग धरला, दोघं आश्वासन देतेत अन् वर बघायला लावतेत. पैठणला तर समोर एवढा नाथसागर. जायकवाडी धरणाचा जलाशय, नाथांच्या नावाचा, अन् खालची गावं टँकरची वाट बघतेत. मला पहिल्या दिवशी भजनात तोंड उघडवंना.

पहिले चार-पाच दिवस एकमेकांत मिसळून गेलेत. पहाटेची काकडआरती, थंड पाण्याची आंघोळ, पिठलं-भाकरी, रात्री कीर्तन. राक्षसभुवन, रायमोहा सगळं मागं पडलं. ध्यानात राहिले ते बोर्ड. प्रत्येक फाट्यावर हात जोडलेले साहेब, त्यांच्या मागं बारकुला विठोबा. २०२४ ला बजेटमध्ये दर दिंडीला २०,००० रुपये जाहीर झाले तेव्हापासून आमच्या दिंडीतबी भांडण आहे, घ्यावे का नाही. घेणाऱ्याला मी नावं ठेवत नाही, तंबू अन् तेलाचे पैसे कुणीतरी देतंयच. पण रामकृष्णहरी म्हणता म्हणता स्पीकरवरून साहेबांचा जयजयकार सुरू झाला की माझं टाळकं सरकतं. त्या रात्री मोबाईलवर टाईप केलं:

रस्त्याच्या कडेला, बॅनरची रांग
विठ्ठला तू सांग, कुठे उभा
पाऊस मागाया, आलो तुझ्या दारी
घेतली उधारी, पेरणीला
आहेस की नाही, मला नाही ठाव
चालतोय गाव, म्हणून मी

पाटोद्याच्या अलीकडं बालाघाटाचा चढ लागला अन् माझा डावा पाय गेला. टाचेला लिंबाएवढा फोड. डांबर तापलेलं, पाऊस नाही, ढग नुसते येऊन जायलेत. दिंडी पुढं निघून गेली, टाळ ऐकू येईनासे झाले. बाभळीखाली बसलो अन् खरंच रडू आलं. पायामुळं का कशामुळं, आजबी सांगता येत नाही.

तेवढ्यात एक आजी आल्या. डोक्यावर तुळस, नऊवारी गुडघ्यापर्यंत खोचलेली. गंगाखेड तालुक्यातल्या. "काय झालंय लेकरा? दाव बरं." मी नको नको म्हणतोय तर त्यांनी तुळस खाली ठेवून माझा पाय सरळ मांडीवर घेतला. एवढ्या म्हाताऱ्या माणसाच्या मांडीवर आपला मळका पाय, मला कसंतरीच झालं. कनवटीच्या पिशवीतून सुई काढली, दोऱ्याला खोबऱ्याचं तेल लावलं, फोडातून आरपार ओवला अन् दोरा आतच ठेवून दोन्हीकडं तोडला. "कातडं काढू नको. पानी दोऱ्यानं झिरपून जातंय." पाणी खरंच झिरपलं. मग फडकं बांधलं अन् स्वतःच्या बाटलीतलं उरलेलं पाणी मला पाजलं. त्यांच्यासाठी घोटभरबी राहिलं नाही.

का कुणास ठाऊक, मी त्यांना ती कविता वाचून दाखवली. वाटलं चिडतील. त्या म्हणाल्या, "एवढंच व्हय? आमच्या जनीनं तर ह्याच्यापेक्षा शिव्या दिल्या इठ्ठलाला. आपल्या मानसालाच देतेत शिव्या." मग जरा थांबून, "पर ते शेवटचं नाही पटलं. गाव चालतंय म्हणून चालतोस? गाव तर सभेलाबी जातंय टेम्पोत बसून. तू कशाला आलास ते लिही."

मला उत्तरच देता आलं नाही. आजी तुळस उचलून निघाल्या, मी लंगडत मागं. नाव विचारायचं राहून गेलं.

त्या रात्री कीर्तनात नाथांची गोष्ट निघाली, रामेश्वराला न्यायची कावड वाळवंटातल्या तहानलेल्या गाढवाला पाजली ती. शंभरदा ऐकलेली. त्या दिवशी मात्र पूर्ण वेळ माझ्या डोळ्यापुढं ती रिकामी बाटली होती. झोपायच्या आधी मोबाईल काढला अन् ती ओळ बदलली.

पुढं परंडा, कुर्डू. पाऊस एकदाच आला, चिखल करून गेला.

पंढरपुरात दर्शनाच्या रांगेत मी उभा राहिलो नाही. टीव्हीवर मुख्यमंत्र्यांची महापूजा चालू होती, तीबी बघवली नाही. नामदेव पायरीपाशी मात्र बराच वेळ थांबलो. आमच्या मराठवाड्यातल्या नरसीचा माणूस, तू पतितपावन नाहीस म्हणून मी माघारी जातो असं देवाला तोंडावर सांगणारा, अन् तोच ह्या दारात पायरी होऊन राहिलाय. गर्दी मागून ढकलत होती. पायरीला हात लावला अन् कवितेच्या शेवटच्या दोन ओळी, बदल करून, हळूच म्हटल्या:

आहेस की नाही, मला नाही ठाव
तहानलं गाव, म्हणून मी