आबांचा प्रश्न
आज बेळगावातल्या शहापुरात आबांकडे गेलो होतो. आयुष्यभर महाराष्ट्र एकीकरण समितीला, म्हणजे कर्नाटकातला मराठी सीमाभाग महाराष्ट्रात यावा म्हणून लढणाऱ्या आपल्या समितीला, मत दिलेला माणूस. नातू म्हणाला, "मी गेल्या वेळी कमळाला दिलं, आबा." त्यांनी पानाचा डबा बंद केला, बोलले काहीच नाहीत. पोराला मी दोष देणार नाही, त्याला नोकरीची काळजी. पण मला ते फार लागलं.

२०१३ ला बेळगाव दक्षिण आणि खानापुरातून आपले दोन आमदार होते, त्यामुळे २०१७ च्या राष्ट्रपती निवडणुकीत, जिथे आमदारही मत देतात, आपलीही दोन मतं होती. २०१८ आणि २०२३ ला एकही आमदार नाही. निघताना आबांनी हात धरला, "२०२७ ला राष्ट्रपती निवडतील, तेव्हा आपल्यातर्फे कोण रे?"