ठरलं होतं ना, प्रेमाबिमाचं नाव काढायचं नाही!

मला विचाराल तर रोमान्समधला सगळ्यात भारी प्लॉट एकच, आधी लग्न आणि मग प्रेम. त्यातही रीजन्सीवाला, म्हणजे दोनशे वर्षांपूर्वीच्या इंग्लंडातला. घोडागाड्या, मेणबत्त्यांची झुंबरं, गळ्याला कडक पांढरा क्रॅव्हॅट गुंडाळलेले लॉर्ड लोक आणि त्यातला एक लॉर्ड कर्जात नाकापर्यंत बुडालेला, बडा घर पोकळ वासा, वाडा आहे पण छत गळतंय, बापाने सगळं जुगारात घालवलंय. याला पैसेवाली बायको हवी. तिकडे तिला मावशीच्या घरातून सुटका हवी, किंवा तिचं वय सव्वीस झालंय आणि सगळे तिला घोडनवरी ठरवून मोकळे झालेत. मग हे दोघं ऑफिसची मीटिंग असल्यासारखे समोरासमोर बसतात आणि ठरवतात, लग्न करू, तुमचं तुम्ही बघा, माझं मी बघते, प्रेमाबिमाचं नाव काढायचं नाही. झालं. इथे मी मांडी घालून नीट बसते, कारण आता पुढची तीनशे पानं हे दोघं मस्त तोंडावर पडणार असतात.

नेहमीच्या लव्हस्टोरीत अडचण बाहेरून येते ना, कोणाचा तरी बाप आडवा येतो, नाहीतर एखादा व्हिलन, आणि ती सुटली की लग्न आणि लग्न झालं की पुस्तक संपलं. इथे लग्न पहिल्या पन्नास पानांतच उरकलेलं असतं, घर एक, आडनाव एक, घरच्यांची ना नाही, जगात कोणाचीच ना नाही, आणि तरी गाडी अडलेली, कारण दोघांनी एकमेकांना शब्द देऊन ठेवलाय. नवरा स्वतःच्या लग्नाच्या बायकोच्या प्रेमात पडलाय आणि तेच तिच्यापासून लपवतोय. तीही तेच करतेय. घरातल्या घरात चोरी! आणि ही चोरी कशामुळे, तर सभ्यपणामुळे. दोघांपैकी एक जण जरा जरी उद्धट असता ना, तर पुस्तक दहाव्या चॅप्टरला संपलं असतं.

या पुस्तकांत एक ब्रेकफास्टचा सीन हमखास असतो. लांबलचक टेबल, एका टोकाला हा पेपर उघडून बसलाय, दुसऱ्या टोकाला ती आलेली पत्रं चाळतेय. आदल्या रात्री बॉलमध्ये, म्हणजे नाचाच्या पार्टीत, ती कुठल्याशा कॅप्टनबरोबर दोनदा नाचलीय आणि ह्याचा जळून कोळसा झालाय. विचारायचं असतं, कोण तो कॅप्टन? पण ते करारात बसत नाही, म्हणून हा विचारतो, ‘रात्री गाडीत थंडी नाही ना बाधली?’ ती म्हणते, ‘नाही, आभारी आहे.’ तिला विचारायचं असतं पहाटे चारपर्यंत होतात कुठे, आणि तोंडातून निघतं, ‘अजून कॉफी घेणार?’ मध्ये बटलर उभा. त्याला सगळं कळलेलं, अख्ख्या घराला कळलेलं, पार भांडी घासणाऱ्या पोरीपर्यंत, फक्त ह्या दोघांनाच पत्ता नाही. मला बॉलचे सीन एकवेळ नसले तरी चालतात, हा पाहिजेच.

या सगळ्या प्रकाराची आद्य गुरू म्हणजे इंग्लिश कादंबरीकार जॉर्जेट हेयर. जन्म १९०२, गाव विम्बल्डन. तिचं ‘द कन्व्हीनियंट मॅरेज’ १९३४ चं, आणि गोष्ट खरंतर १७७६ सालातली, म्हणजे रीजन्सी सुरू व्हायच्या पस्तीस वर्षं आधीची, पण तिथूनच सुरुवात करावी लागते. अर्ल ऑफ रूल (अर्ल ही सरदाराची पदवी), वय ३५, गडगंज, एका पडत्या काळातल्या घरातल्या थोरल्या मुलीला मागणी घालतो. तिचं आधीच एका कफल्लक लेफ्टनंटवर प्रेम. घरात नुसती रडारड. तर धाकटी होरेशिया, सतरा वर्षांची, मोलकरणीला बरोबर घेते आणि सरळ अर्लच्या घरी जाऊन धडकते की ताईला सोडा, माझ्याशी करा. स्वतःचे वीक पॉइंट स्वतःच सांगते, बोलताना अडखळते, भुवया जाड, उंची बेताची, आणि प्लस पॉइंट काय तर आमच्या घराण्याचं नाक मला आहे! आणि वर हेही सांगते की मी तुमच्या कशात लुडबुड करणार नाही. हा अर्ल झोपाळू डोळ्यांचा, कशाची घाई नसलेला माणूस, तो तिथेच खलास झालेला असतो पण दाखवतोय कोण. पुढे एका ब्रोचपायी एवढं रामायण होतं की तिचा भाऊ आणि त्याचे मित्र चक्क दरोडेखोर बनून रस्त्यावर गाड्या अडवायला निघतात. बायको घाबरलीय नवऱ्याला कळेल म्हणून, आणि नवरा शांतपणे वाट बघतोय ती स्वतःहून कधी सांगते याची.

‘एप्रिल लेडी’ (१९५७) मध्ये तर ही गंमत अजून टोकाला. नेलला आईने लग्नाआधीच बजावलंय की बाई, हे सोयीचं लग्न आहे, नवऱ्यावर प्रेमाचा मारा करू नकोस, नीट वाग. ती बिचारी नीट वागते. आणि ती इतकी नीट वागतेय म्हटल्यावर नवऱ्याला वाटतं हिने फक्त माझ्या पैशासाठी लग्न केलं. आता यात एक ड्रेसमेकरचं तीनशे पौंडांचं बिल आलं आणि नेलला ते नवऱ्यापासून लपवायचंय, का, तर बिल दाखवलं तर त्याला वाटेल पैशासाठीच केलं होतं! एवढ्याशा बिलावर अख्खं पुस्तक उभं आहे. काही लोकांना हे ताणलेलं वाटतं, मला अजिबात नाही वाटत, लग्न झालेल्या कोणालाही विचारा, मोठमोठे अबोले याहून फालतू गोष्टींवर होतात.

‘फ्रायडेज चाइल्ड’ (१९४४) मधला लॉर्ड शेरिंगहॅम म्हणजे तर अर्धवट पोरगाच. वारशाचे पैसे पंचवीस वर्षांचा झाल्याशिवाय किंवा लग्न केल्याशिवाय हातात येणार नाहीत, आणि जिच्याशी करायचं होतं तिने नाही म्हटलंय, म्हणून रागाच्या भरात ठरवतो की पहिली जी भेटेल तिच्याशी करतो, आणि भेटते ती लहानपणापासूनच्या ओळखीतली. या पुस्तकाबद्दल एक गोष्ट वाचली होती ती डोक्यातून जात नाही. रोमेनियातल्या एका राजकीय कैदी बाईने हेयरला पत्र लिहून कळवलं होतं की तुरुंगात बारा वर्षं ती ह्याच पुस्तकाची गोष्ट आठवून आठवून बरोबरच्या कैद्यांना सांगत होती. टाईमपास वाचन म्हणून नाकं मुरडणाऱ्यांना मी हे ऐकवते.

बरं, आता खरी गंमत. रीजन्सी हे नाव ज्या माणसामुळे पडलं त्याचं स्वतःचं लग्न काय होतं? तिसरा जॉर्ज आजारी, राज्य चालवण्याच्या अवस्थेत नाही, म्हणून १८११ पासून १८२० पर्यंत त्याचा मुलगा प्रिन्स रीजंट म्हणून कारभार बघत होता, तीच ही रीजन्सी. ह्या राजपुत्राने १७८५ मध्येच मारिया फिट्झहर्बर्ट नावाच्या कॅथलिक विधवेशी गुपचूप लग्न लावलेलं, पण राजाची परवानगी नाही म्हणून ते कायद्याने चालेना. कर्ज किती, तर १७९५ पर्यंत सहा लाख तीस हजार पौंडांच्या घरात. तेव्हाचे पौंड! मग सौदा ठरला की बाबा तू नीट एखाद्या राजकन्येशी लग्न कर, म्हणजे पार्लमेंट कर्जाचं बघेल. ब्रन्सविकची कॅरोलाइन आली, ह्याची आतेबहीणच. पहिल्या भेटीत ह्याने तिला जवळ घेतलं, लगेच वळून खोलीच्या दुसऱ्या टोकाला गेला आणि तिला घेऊन आलेल्या लॉर्ड माम्सबरींकडे ब्रँडी मागितली. माम्सबरींनी हे सगळं डायरीत लिहून ठेवलंय. कॅरोलाइनही काही कमी नाही, हा केवढा जाडा आहे, आणि चित्रात दिसत होता तसा तर अजिबातच नाही, असं तिने तिथल्या तिथे सांगून टाकलं. ८ एप्रिल १७९५ ला लग्न, नवरदेव प्यायलेला, ७ जानेवारी १७९६ ला मुलगी झाली आणि संसार आटोपला. १८२१ मध्ये हा राजा म्हणून राज्याभिषेक करून घेत होता तेव्हा बायकोला वेस्टमिन्स्टर ॲबीच्या दारातून परत पाठवलं.

म्हणजे बघा, सुरुवात शब्दशः आपल्या कादंबरीची आहे. कर्जबाजारी नवरदेव, न बघितलेली नवरी, व्यवहार. फक्त सभ्यपणा नव्हता, दोघांनी मनात आलं ते पहिल्या पाच मिनिटांत बोलून टाकलं! मला कधीकधी वाटतं हेयर आणि तिच्या मागून आलेल्या सगळ्या बायका याच एका लग्नाची दुरुस्ती करत बसल्यात.

दुसरं उदाहरण तर आपल्या अंगणातून जातं. वॉटर्लूच्या लढाईत नेपोलियनला हरवणारा वेलिंग्टन, म्हणजे तेव्हाचा आर्थर वेलस्ली, त्याने तरुणपणी किटी पॅकनमला मागणी घातली, तिच्या घरच्यांनी कंगाल म्हणून हाकललं. मग हा हिंदुस्थानात आला, १८०३ ला आपल्या जालना जिल्ह्यात असईला शिंदे-भोसल्यांच्या फौजेशी लढला, जिंकला, पैसा आणि नाव दोन्ही कमावून १८०५ मध्ये परत गेला. परत गेल्यावर जुना शब्द पाळायचा म्हणून पुन्हा मागणी घातली, मधल्या एवढ्या वर्षांत तिला एकदाही न बघता. १८०६ ला डब्लिनमध्ये लग्न. लग्नाच्या वेळी तिला बघून भावाच्या कानात म्हणाला म्हणे की ही तर कुरूप झाली. कादंबरीत अशा हिरोला बायको तीनशे पानांत सरळ करते. किटीला ते जमलं नाही, तिचे दिवस वाईटच गेले.

कायद्याचं थोडं सांगायला पाहिजे, कारण जोक त्याच्यावरच उभे आहेत. तेव्हा लग्न झालं की बायकोचं जे काही ते नवऱ्याचं, अगदी हातातली कॅश सुद्धा. विवाहित बाईला स्वतःची मालमत्ता ठेवता येण्याचे कायदे आले १८७० आणि १८८२ ला. म्हणून लग्नाआधी दोन्हीकडचे वकील बसून सेटलमेंट लिहायचे, हातखर्चाला पिन मनी किती, नवरा गेला तर वर्षाला किती, धाकट्या पोरांना काय, आपल्याकडे याद्यांना बसतात ना तसंच, फक्त मानपानाच्या साड्यांऐवजी ट्रस्टी. एकवीसच्या आतल्यांना लग्नाचं लायसन्स काढायचं तर आईबापांची संमती लागायची, नाहीतर तीन रविवार चर्चमध्ये जाहीर पुकारा, आणि लग्न सकाळी आठ ते बारातच. म्हणून हिरोला स्पेशल लायसन्स लागतं, आर्चबिशप ऑफ कँटरबरीचं, ते मिळालं की कधीही कुठेही. आणि घटस्फोट? १८५७ पर्यंत पुरता घटस्फोट हवा असेल तर पार्लमेंटचा वेगळा कायदा करून घ्यावा लागायचा. एकदा अडकलात की अडकलात. म्हणून ते ब्रेकफास्ट टेबल एवढं मजेदार, पळून जायला जागाच नाही.

आणि म्हणून मला हल्लीच्या पुस्तकांतला तो ‘वर्षभर लांब राहू, मग लग्न रद्द करून घेऊ’ वाला प्लॉट डोक्यात जातो. असं व्हायचंच नाही! नुसतं एकत्र झोपलो नाही म्हणून लग्न रद्द होत नसे, त्यासाठी नवरा किंवा बायको शरीराने असमर्थ आहे हे चर्चच्या कोर्टात सिद्ध करावं लागायचं, मुद्दाम नकार दिला हे कारण इंग्लंडच्या कायद्यात आलं थेट १९३७ ला. आता सांगा, कुठला देखणा ड्यूक, म्हणजे सगळ्यात वरच्या पदवीचा सरदार, भर कोर्टात हे सिद्ध होऊ देईल? (यावर कोणीतरी कॉमेडी लिहा, मी पहिली विकत घेते.) आणि ड्यूकही किती ते! राजघराण्यातले सोडले तर त्या काळी सगळे मिळून तिसाच्या आसपास असतील, त्यातले बरेच म्हातारे नाहीतर लग्न झालेले, आणि कादंबऱ्यांत बघावं तर लंडनच्या प्रत्येक गल्लीत एक पंचविशीतला कुमार ड्यूक.

माझं सगळ्यात लाडकं मात्र ‘अ सिव्हिल काँट्रॅक्ट’, १९६१ चं, आणि त्यावरून माझी माझ्या बहिणीशी कायम जुंपते कारण तिच्या मते तो रोमान्सच नाही. ॲडम सैन्यातून परत येतो, बापाने ठेवलेलं कर्ज बघतो, जिच्यावर प्रेम आहे त्या सुंदर ज्युलियाला सोडून व्यापारी मिस्टर चॉली यांच्या मुलीशी, जेनीशी लग्न करतो. जेनी गोलमटोल, साधी, घर चालवण्यात हुशार, त्याच्यावर आधीपासून प्रेम करणारी आणि ते एका शब्दाने न बोलणारी. विनोदाचं सगळं खातं सासऱ्याकडे. हा माणूस मोठ्या आवाजाचा, चिनी मातीच्या भांड्यांचा शौकीन, जावयावर महागड्या भेटींचा भडिमार करतो आणि जावई प्रत्येक भेटीने आतून आक्रसत जातो. वॉटर्लूच्या वेळी लंडनमध्ये अफवा की आपण हरलो, सरकारी रोख्यांचे भाव पडलेले, सासरा सांगतो सगळं विकून टाक, आणि ॲडमचा वेलिंग्टनवर एवढा भरवसा की तो उलट उसने घेऊन रोखेच विकत घेतो! म्हणजे अख्ख्या पुस्तकातला सगळ्यात धडधडणारा सीन शेअर बाजाराचा आहे, किसचा नाही. शेवटी ॲडमला कळतं की ज्युलियाबरोबर आपलं रोजचं जेवणखाण, शेतीवाडी, काही काही जमलं नसतं. बहीण म्हणते ही तडजोड झाली. मी म्हणते तुला भांडी फोडणारी हिरॉइन पाहिजे तर तसं सांग.

पण पहिल्यांदाच वाचणार असाल तर यापासून सुरू नका करू, हिरमोड होईल. आधी होरेशिया आणि तिचं नाक, मग नेलचं बिल, आणि चॉलीसाहेबांकडे जरा वय झाल्यावर या, म्हणजे किमान एकदा तरी घराचं कर्ज काढून झाल्यावर.