शेवटचे चाळीस किलोमीटर

पुण्याहून ठाणे स्टेशनपर्यंत डुलक्या काढत येता येतं. खरा प्रवास तिथून कासारवडवलीला निघालं की सुरू होतो. घोडबंदर रोडवर एकेका सिग्नलला अख्खं भीमरूपी म्हणून होतं. खोल भूकंपाच्या लहरींचंही असंच असतं हे कळल्यापासून मला त्यांच्याबद्दल जरा आपुलकी वाटते.

24 मे 2013 ला ओखोत्स्क समुद्राखाली, तब्बल 600 किलोमीटर खोल, 8.3 तीव्रतेचा भूकंप झाला. 6000 किलोमीटरहून लांब मॉस्कोतही तो जाणवला. इतक्या खोलवरून निघालेली पी लहर, म्हणजे सगळ्यात आधी पोचणारी वेगवान लहर, कवचाखालच्या प्रावरणाच्या घट्ट खडकातून सेकंदाला 8 ते 13 किलोमीटर वेगाने सुसाट येते. रखडपट्टी होते ती कवचात, म्हणजे पृथ्वीच्या सगळ्यात वरच्या सालीत. त्याची जाडीच मुळी जागोजागी वेगळी. समुद्राखाली जेमतेम 7 किलोमीटर, आपल्याकडे साधारण 35 ते 40, तिबेटखाली 70 च्या घरात.

हा कवचाचा तळ क्रोएशियाच्या मोहोरोविचिच यांनी 1909 च्या एका भूकंपाच्या नोंदींवरून ओळखला. तिथे पोचताच पी लहरीचा थोडा भाग एस लहर, म्हणजे तिच्याहून हळू चालणारी लहर, होतो आणि वर चार-पाच सेकंद मागाहून येतो. कवच जाड, तर उशीर जास्त. उशिरा आलेल्याला न झापता त्याच्याकडून रस्त्याची लांबी काढून घ्यायची, ही युक्ती मला फार आवडते. (आमच्या ऑफिसात हा न्याय नाही.) खोल भूकंप त्यासाठी सोयीचे. त्यांच्या पृष्ठलहरी, म्हणजे जमिनीलगत पसरणाऱ्या लहरी, क्षीण असतात, आणि आधी वर जाऊन जमिनीवर आपटून परतणारी लहरही दोनेक मिनिटांनी येते. तोवर नोंद स्वच्छ.

कवच संपलं तरी गाळ उरतोच. मऊ थरात लहर मंदावते आणि तिचा झोका वाढतो. 1985 ला मेक्सिको शहराचे हाल झाले ते जुन्या तळ्याच्या गाळावर. तो भूकंप उथळ होता, पण केंद्र साडेतीनशे किलोमीटरहून दूर. ठाण्यातल्या येऊरच्या डोंगराचा काळा कातळ आणि खाडीकाठची खारजमीन भरून वसवलेली वाशी यांना एकच लहर सारखी कशी हलवेल?

दादा वाशीत फ्लॅट बघत होता तेव्हा मी बिल्डरच्या माणसाला विचारलं, पायलिंग किती खोल आहे? वहिनी म्हणाली, "भाऊजी, आधी पाणी किती वेळ येतं ते विचारा."