तुम्ही विचारलंत म्हणून: आधी सायलेन्सर की अलॉय?

नवी स्विफ्ट दारात आली की पोरं मला हमखास विचारतात, "दादा, गाडीत बदल करायची सुरुवात कशाने करू? सायलेन्सर बदलू की अलॉयची चाकं लावू?" मी म्हणतो, दरवाजांपासून.

सायलेन्सरचं आधी सांगून टाकतो. बाराशे सीसीच्या साध्या इंजिनाला नुसता मोठा पाइप लावून ताकद वाढत नाही, घरघर तेवढी वाढते आणि हायवेवर तासाभरात डोकं उठवते. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, म्हणजे धुरातले विषारी वायू कमी करणारा भाग, काढला तर विषारी धूर थेट बाहेर पडतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम 190(2) नुसार आवाजाचे नि प्रदूषणाचे नियम मोडल्यास पहिल्याच वेळी 10,000 रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. आणि रात्री अकराला तुम्ही ज्या गल्लीतून जाता, तिथे कुणाचं तरी तान्हं बाळ नुकतं झोपलेलं असतं. मी हे काम कुणालाच सुचवत नाही.

आवाज हवाच ना? मग तो गाडीच्या आत करा. त्यातही स्पीकर नंतर. दरवाजाचा पत्रा पातळ असतो, स्पीकर वाजला की तोही थरथरतो आणि बेस तिथेच वाया जातो. आतला पॅड काढून पत्र्यावर ब्यूटाइलची, म्हणजे चिकट रबराची शीट रोलरने घट्ट बसवतात, त्याला डॅम्पिंग म्हणतात. एवढ्यानेच कंपनीचे स्पीकर भरदार वाजायला लागतात. दरवाजा लावतानाचा आवाजही बदलतो, आणि तो पहिल्यांदा ऐकताना मालकाचा चेहरा बघायला मला फार आवडतं.

स्पीकर बदलताना वायर कापू देऊ नका, न कापता जोडायचे कप्लर मिळतात. अँप, म्हणजे आवाज वाढवणारा ॲम्प्लिफायर, लावलात तर त्याची वायर थेट बॅटरीवरून येते, तिचा फ्यूज बॅटरीपासून दीड फुटाच्या आत हवा. वायर वाटेत कुठे पत्र्याला घासून शॉर्ट झाली, तर हाच फ्यूज आग टाळतो. वायर तांब्याचीच मागा. तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची वायर स्वस्त असते, पण तेवढ्याच जाडीत जास्त तापते.

अलॉयसाठी टॉप मॉडेलची नक्कल करा. स्विफ्टच्या खालच्या मॉडेलला 165/80 आर14 टायर येतात, वरच्याला 185/65 आर15; 'आर'नंतरचा आकडा म्हणजे रिमचे इंच. रिम इंचाने मोठी, पण चाकाचा एकूण व्यास 620 च्या जागी 622 मिलिमीटर, म्हणजे जवळपास तोच. त्यामुळे स्पीडोमीटर चुकत नाही, टायर कुठे घासत नाही. थेट 17 इंची घेतलात तर टायरची कड इतकी पातळ होते की आपल्या खड्ड्यांत रिम वाकलीच समजा.

रंग बदलायचा तर आधी आरटीओची परवानगी आणि नंतर आरसीवर नोंद. काचांवरच्या काळ्या फिल्मला सर्वोच्च न्यायालयाने 2012 मध्येच मनाई केली आहे.

यंदा एकाच कामाचे पैसे असतील तर चारही दरवाजांचं डॅम्पिंग करा. काम चालू असताना तिथेच थांबा. पाणी निचरायची दरवाजाच्या तळाची भोकं शीटखाली बुजली तर पत्रा आतून गंजतो, तेव्हा पॅड परत लावण्याआधी ती स्वतः बघून घ्या.