द्राक्षाची काडी मी आणणार नाही

इथे अमेरिकेत घराच्या मागच्या कुंपणावर चढलेल्या रानद्राक्षाचा फोटो घरच्या ग्रुपवर टाकला आणि पिंपळगावहून मामांचा लगेच फोन आला. "पाणी नाही, खत नाही, तरी एवढी माजलीये? दिवाळीला येताना दोन काड्या घेऊन ये, खुंट म्हणून लावून त्यावर आपलं द्राक्ष कलम करून बघू." मी नाही म्हटलं. मामा अजून नाराज आहेत, म्हणून सविस्तर लिहितोय.

त्या वेलीची पानं वरून नुसती खडबडीत दिसतात. उलटी केली की हिरव्या-लालसर गाठी, फोड आल्यासारख्या दाटीने. द्राक्षावर नेहमी येणारे रोग म्हणावे तर डावणी नाही, भुरी नाही. त्या दोन्ही मी झोपेतही ओळखीन. नखाने एक गाठ फोडली. आत माव्याएवढा फुगीर पिवळा किडा आणि भोवती बारीक पिवळी अंडी ठासून भरलेली.

इथे पेन्सिल्व्हेनियात प्रत्येक काउंटीसाठी कृषी विद्यापीठाची विस्तार सेवा आहे. १९१४ च्या कायद्याने देशभर उभी राहिलेली व्यवस्था. अंगणात चार झाडं असणाऱ्यालाही तिथे दार उघडं. पान पिशवीत घालून गेलो. टेबलाशी एक निवृत्त बाई, स्वयंसेवक. त्यांनी गाठ ब्लेडने उभी चिरली, पानाच्या वरच्या बाजूला उघडणारं तिचं केसाळ तोंड भिंगातून दाखवलं आणि सांगितलं, फायलोक्झेरा, म्हणजे द्राक्षवेलीच्या पानांवर आणि मुळांवर जगणारा माव्यासारखा किडा. ओकच्या फांदीवरच्या गोळ्याचंही विचारून घेतलं. तो गांधीलमाशीच्या दूरच्या नात्यातल्या चिमुकल्या माशीमुळे होतो. आपल्या बाळगुटीतलं मायफळ म्हणजे ओकवरची अशीच गाठ! पैसे नाहीत, घाई नाही, काही विकणं नाही. आपल्याकडे निदान बहुतेकदा औषधाच्या दुकानात होतं आणि निदानासोबत बाटली येते. हे मला आता फार खटकतं.

पण म्हणून आपल्याकडे जाण नाही असं कोणी म्हणू नये. निफाड-दिंडोरीचा बागायतदार पहाटेचं दव बघून डावणीचा अंदाज बांधतो, ते इथे मी कोणाकडे पाहिलं नाही. कृषी विज्ञान केंद्र नाशकातही आहे. घरच्या बागेवाल्याने तिथे जायची पद्धत नाही, इतकंच.

मामा, आता मुद्द्याचं. रानवेल या किड्याला पुरून उरते, म्हणून ती माजलेली दिसते. थॉम्सनसारख्या आपल्या बागेतल्या द्राक्षजातींची मुळं मात्र याने सुजतात, कुजतात, वेल वाळते. अमेरिकन वेलींबरोबर हा किडा फ्रान्सला गेला. १८६८ मध्ये प्लाँशाँ या वनस्पतिशास्त्रज्ञाला तो मरणाऱ्या वेलींच्या मुळांवर सापडला, तोवर बागाच्या बागा बसल्या होत्या. उपाय म्हणून अमेरिकन खुंट नेले, तर त्यांच्यासोबत बहुधा डावणीही गेली. १८७८ मध्ये ती तिथे दिसली. आपण जिच्यापायी मोरचूद-चुन्याचं बोर्डो मिश्रण फवारतो ती डावणी मूळची इथलीच.

आपण खुंट म्हणून लावतो ती डॉगरिज वेलही इथलीच, टेक्सासची, हे मामांचं म्हणणं खरं. कमी पाण्यात, खाऱ्या जमिनीत तिने आपल्या बागा धरून ठेवल्या. पण अशी काडी आणायला आयात परवाना आणि रोगमुक्तीचं प्रमाणपत्र लागतं. बॅगेत कपड्यांत गुंडाळून नाही.

मी बाग सोडून आलो, हे मामा अधूनमधून ऐकवतात. तेव्हा बाजारभावाने मला दुसरा रस्ता ठेवला नव्हता. पण बाग सोडली म्हणजे तिची काळजी सोडली असं नाही, आणि या नकारात ती काळजीच आहे. छाटणीच्या कात्र्या हव्या तेवढ्या आणतो. कोणती हवी ते मामांनी ग्रुपवर टाकावं.