प्यादं कमी, तरी अर्धा गुण

रत्नागिरीच्या खुल्या बुद्धिबळ स्पर्धेत माझी गाठ चिपळूणच्या एका निवृत्त काकांशी पडली. दोघेही हौशी, मानांकनाच्या नावाने शून्य. सुरुवातीबद्दल सांगण्यासारखं काही नाही, भराभर मारामारी झाली. शेवटी दोघांचा एकेक हत्ती आणि काकांचं एक जादा प्यादं उरलं.

बाहेर पाऊस पत्रा बडवत होता. मी चाल खेळलो आणि घड्याळ दाबण्याआधी विचारलं, "काका, बरोबरी?" (प्रस्ताव द्यायची रीत तीच.)

"प्यादं माझं जास्त आहे रे. खेळ तू."

त्यांचा हट्ट रास्त होता, पण या स्थितीतला बचाव फिलिदोर नावाच्या फ्रेंच खेळाडूने 1777 मध्येच दाखवून ठेवलाय. बचाव करणाऱ्या काळ्याने, म्हणजे इथे मी, (रांगा पांढऱ्याच्या बाजूने मोजायच्या) आपला राजा प्याद्याच्या वाटेत आठव्या रांगेत बसवायचा आणि हत्ती सहाव्या रांगेवर आडवा लावायचा. पांढऱ्या राजाला मग त्या रांगेत पाय ठेवता येत नाही. हत्ती तिथेच इकडून तिकडे हलवत राहायचं, कंटाळायचं नाही. वैतागून समोरच्याने प्यादं सहाव्या रांगेत ढकललं, की लगेच हत्ती पार पहिल्या रांगेत न्यायचा आणि पाठीमागून शह देत सुटायचं. प्यादं पुढे गेलेलं असतं, त्यामुळे राजाला आडोसाच उरत नाही.

काकांनी प्यादं ढकललंच. आता माझा एक शह हुकला असता तर पुढच्या चालीला मात होती. शह, राजा बाजूला, पुन्हा शह, राजा परत जागेवर. असंच चालू राहिलं आणि माझ्या पुढच्या चालीने तीच स्थिती तिसऱ्यांदा येणार होती, म्हणजे बरोबरीचा दावा करता येणार होता. अशा वेळी ती चाल पटावर खेळायची नसते. स्कोअरशीटवर, म्हणजे चाली नोंदवायच्या कागदावर लिहायची, घड्याळ थांबवायचं आणि पंचांना बोलवायचं. दावा खोटा निघाला तर समोरच्याला दोन मिनिटं जादा मिळतात, वर लिहिलेली चाल खेळावीच लागते. त्यामुळे गिचमिड अक्षरवाल्यांनी जरा जपून.

पंचांनी दोन्ही स्कोअरशीट घेऊन चाली पटावर पुन्हा मांडून पाहिल्या आणि बरोबरी दिली. आम्ही सह्या केल्या.

बाहेर चहाच्या टपरीवर एका पोराने ती स्थिती मोबाइलमधल्या इंजिनाला दाखवली. उत्तर आलं 0.00, म्हणजे बरोबरी. काकांनी बशीत चहा ओतला नि म्हणाले, "त्याला काय कळतंय? मी जिंकत होतो."